लामिनचा कान

कादरभाईंचा जेद्दाहून फोन आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मिक्सर खोलून बसलो होतो. मिक्सर बिघडलेला नव्हता. त्याचा आवाज मला थोडा चढा वाटत होता, एवढंच. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या घरातली धडधाकट उपकरणं जीव मुठीत धरून राहतात आणि माझी बायको पानशेतला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देते ती घर राखायला नव्हे, मला राखायला. तर हातात स्क्रू-ड्रायव्हर, खांद्यात मान तिरकी करून धरलेला फोन, आणि पलीकडून कादरभाई म्हणाले, "साहेब, लामिनभाय गेला. जुम्म्याला. दुपारची नमाज पढला, घरी आला, जरा पडतो म्हणाला... खलास."

अशा वेळी माणूस काय म्हणतो? अरेरे म्हणतो, कसं झालं विचारतो, घरी कोण आहे विचारतो. मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला होता का?"

हा प्रश्न माझ्या तोंडून गेला, तो परत घेता आला नाही. तीस वर्षं मी ज्या समजुतीवर चैन केली तिच्यामुळेच तो आला होता. माझी समजूत अशी की लामिनच्या आयुष्यात माझं एक खास स्थान आहे. पुण्यातल्या कितीतरी मैफलींनंतरच्या चहापानात, मुलाच्या साखरपुड्यात, एकदा तर बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी सांगितलेलं आहे की गल्फ वॉरच्या काळात मी आफ्रिकेतल्या एका खानदानी वादकाबरोबर जॅझ पियानो वाजवला आणि तिकडे गँबियात त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्याची वाहवा केली. कादरभाई म्हणाले, "आता तो गेला, आता सांगायला हरकत नाय." आणि त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे, त्याची वेळ येईल तेव्हा सांगणार आहे. आधी सांगितलं तर पुढचा सगळा लेख मी स्वतःची बाजू मांडण्यात घालवीन. माझा मला अनुभव आहे.

१९९०च्या ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी धाहरानला एका तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होतो. या कामात हुशारी लागते असं आम्हीच म्हणतो. कारखान्यात शेकडो गेज असतात. एकाच पाइपवरची दोन गेज वेगवेगळे आकडे दाखवायला लागली की त्यातलं एक खोटं बोलतंय असं धरायचं, प्रमाण यंत्राशी ताडून बघायचं, स्क्रू पिळून ते जाग्यावर आणायचं आणि वर एक हिरवं स्टिकर लावायचं. त्यावर तारीख, आपली सही आणि पुढची तपासणी कधी ते लिहायचं. दहा वर्षं हेच केल्यावर माणसाला दोन भिन्न गोष्टी शेजारी शेजारी सुखानं नांदताना बघवत नाहीत. बायको-मुलांना मी सप्टेंबरातच पुण्याला पाठवलं होतं. कंपनीच्या कॅम्पातली गोरी कुटुंबंही एकेक करून गेली. रस्त्यावर मुलांच्या सायकलींऐवजी लष्कराच्या गाड्या दिसायला लागल्या, आणि आम्ही उरलेले लोक कंपनीच्या बसमधून कामावर जाताना एकमेकांकडे 'तू अजून इथेच?' अशा नजरेनं बघायचो.

त्या बसचा ड्रायव्हर लामिन. बत्तीस वर्षांचा, उंच, शांत. सिग्नलला थांबला की त्याचे दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर नाचायला लागायच्या. बाकीची सहा बोटं मात्र चाक गच्च धरून असायची. हे मी पुढच्याच सीटवरून रोज बघत होतो. एकदा म्हटलं, काय वाजवतोस? तो म्हणाला, कोरा, आमच्याकडचं तारांचं वाद्य. मी म्हटलं, मी पियानो वाजवतो, जॅझ. यातला पहिला अर्धा भाग थोडा खरा होता. पुण्याच्या कॅम्पात एका म्हाताऱ्या गोवेकर बाईंकडे मी चार वर्षं पियानो शिकलो होतो आणि त्यांनी मला शेवटी प्रेमानं सांगितलं होतं की इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय तर जा. जॅझ हा माझा स्वतःचा शोध. चुकलेला सूर पुन्हा दोनदा मुद्दाम चुकवला की त्याला जॅझ म्हणता येतं हे मला फार लवकर कळलं होतं.

लामिनला मात्र ते सगळं खरं वाटलं. तो मला 'मुहंदिस' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर, पण त्या दिवसापासून त्या शब्दात थोडा आदर आला.

पियानो मिळाला तो युद्धाच्या कृपेनं. रिकाम्या झालेल्या घरांमधले एसी, पंप, वायरिंग बघत राहण्याचं जादा काम माझ्याकडे आलं होतं आणि त्यातल्या एका घराच्या बैठकीत उभा पियानो होता. घरमालकांनी जाताना म्हटलंही होतं की वाजवत राहा, नाहीतर उंदीर घर करतील. त्याच खोलीच्या खिडक्या आम्ही विषारी वायूच्या भीतीनं चिकटपट्ट्या लावून बंद केल्या होत्या. त्या पट्ट्यांनी वायू अडला असता की नाही देव जाणे, पण आतलं संगीत बाहेर जाण्यापासून अडलं आणि गाणंबजावणं खपवून न घेणाऱ्या त्या देशात तेव्हा ते जास्त गरजेचं होतं. सकाळची पाळी संपली की दुपारी आम्ही तिघं तिथे जमायचो. तिसरे कादरभाई. ते मेसच्या कोठाराचे मुकादम, श्रीवर्धनकडचे, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान पण सल्ल्याच्या बाबतीत माझे आजोबा. संगीतातलं आपल्याला काही कळत नाही असं ते सांगायचे आणि मग जे बोलायचे ते बरोबर निघायचं.

कोरा मी पहिल्यांदा बघितला तो एका घोंगडीत गुंडाळलेला. अर्धा भलामोठा भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं गाईचं कातडं, त्यातून वर गेलेला लांब दांडा आणि दोन रांगांत मिळून एकवीस तारा. आपल्या तानपुऱ्यानं एखाद्या परक्या हार्पशी पळून जाऊन लग्न केलं असतं तर असं काहीतरी जन्माला आलं असतं. सौदीत येताना विमानतळावर लामिननं ते स्वयंपाकाचं भांडं म्हणून दाखवलं होतं. त्याला खुंट्या नव्हत्या. दांड्याला कातड्याची वेटोळी घट्ट वळलेली होती, एकेका तारेला एकेक. वेटोळं वर सरकवलं की सूर चढतो, खाली ओढलं की उतरतो. लामिन जमिनीवर बसला, भोपळा मांडीशी धरला, तारा स्वतःकडे, आणि दोन अंगठे नि दोन तर्जन्या... मी बसमध्ये बघितलेलं सगळं आता ऐकू यायला लागलं. अंगठे खाली एकच लय धरून चालत राहायचे, न थकता. आणि तर्जन्या वरून पाण्यासारख्या ओघळून यायच्या.

मी लगेच पियानोवर झेप घेतली. माझं पहिलं वादन म्हणजे चालत्या बसच्या दारात लटकणं होतं. त्याचे अंगठे जे करत होते तेच मी डाव्या हातानं, दुप्पट जोरात. तो थांबला नाही, रागावला नाही. वाजवता वाजवता म्हणाला, "मुहंदिस, तिथे मी राहतो. तू दुसरीकडे घर बघ." मग हळूहळू तो मला जागा दाखवायला लागला. तर्जन्यांची धाव संपते आणि अंगठे पुढच्या फेरीला निघतात त्या मधल्या फटीत दोन स्वर, फार तर तीन. माझे ते जाड, तिरपे जॅझचे स्वरपुंज त्या फटीत ठेवले की खोलीला एकदम खिडकी पडल्यासारखं व्हायचं. कधी तो माझ्या एखाद्या तिरप्या स्वराकडे वळून बघायचा, आपल्या तारांमध्ये तो शोधायचा, नाही सापडायचा, मग त्याच्याभोवती नक्षी काढून परत यायचा. त्या दुपारी माझ्या आयुष्यातलं खरं संगीत. बाहेर युद्धाची तयारी, गळ्यात गॅस मास्कची पिशवी, आणि आत दोन माणसं एकमेकांना जागा देतायत. एक देत होता, दुसरा घेत होता असं म्हणणं जास्त बरोबर.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. त्याचे सूर पियानोशी जुळायचे नाहीत. सगळे नाही, काही. त्याचा गंधार माझ्या गंधारापेक्षा अंमळ खाली, निषादही तसाच. दोघं एकदम वाजले की हवेत एक बारीक थरथर उठायची. लामिनला ती आवडायची. तो मुद्दाम त्या तारेवर रेंगाळायचा. मी विचारलं की हे असं का, तर तो म्हणाला की हे सूर माझे नाहीत, वडिलांचे आहेत. घरातून निघायच्या दिवशी वडिलांनी स्वतःच्या हातानं एकवीसही वेटोळी लावून दिली. त्यांच्या घराण्याचा हा सूर, शेजारच्या गावातल्या घराण्याचा वेगळा, आणि जाणता माणूस डोळे मिटून सांगतो की कुणाचा मुलगा वाजवतोय. तार सैल पडली की लामिन तिला तिच्या शेजारणींवरून पुन्हा जागेवर आणायचा. वीस शाबूत असल्या की एकविसावी आपोआप सापडते, असं म्हणायचा.

आता लाज वाटते ती याची, की मी काही या बाबतीत अडाणी नव्हतो. माझे सख्खे काका गाणारे होते. त्यांनी जन्मभर हार्मोनियमला घरात घेतलं नाही, त्या पेटीत माझा गंधारच नाही म्हणून. आमच्या लहानपणी त्यांना तानपुरा लावायला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. म्हणजे जगातल्या ज्या मोजक्या लोकांना लामिनचं म्हणणं समजायला हवं होतं त्यांत माझा नंबर वरचा. पण काका वारले होते आणि माझ्याकडे सुराची कंपनं मोजणारा कंपनीचा फ्रिक्वेन्सी काउंटर होता.

जानेवारीत युद्ध पेटलं. सायरन वाजायला लागले, क्षेपणास्त्रं यायला लागली. त्याच दिवसांत लामिनकडे एक बातमी आली. त्याच्या गावचा एक माणूस रियाधमध्ये नोकरीला होता, तो सगळं सोडून गँबियाला परत निघाला होता आणि जाण्याआधी त्याला भेटून जाणार होता. लामिनचे वडील थकले होते. बारशाला, लग्नाला त्यांच्या शेजारी बसून वाजवायचा मान आता पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी द्यायचा होता. हक्क लामिनचा, पण तो पडला परदेशात बस चालवणारा. चुलत भाऊ तिथेच होता. वडिलांनी निरोप धाडला की त्याची कॅसेट पाठवा. वाजवणं अजून आपल्या घरचं राहिलं असेल तर त्याला परत बोलावतो, नाहीतर जागा भावाला देतो. लामिनला परत जायचं होतं. आयुष्यात त्याला दुसरं काही नको होतं हे मला माहीत होतं, कारण तो फारसं बोलायचा नाही आणि हे त्यानं दोनदा सांगितलं. कॅसेटच्या एका बाजूला तो एकटा वाजवणार होता. दुसऱ्या बाजूला मला घेऊन, कारण वडिलांना हेही कळावं की मुलगा फक्त बस चालवत नव्हता.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी चार दिवस कंपनीनं त्याला ड्युटी लावली. काही कर्मचाऱ्यांना बसनं जेद्दाला सोडून यायचं. कोरा त्यानं त्या पट्ट्या लावलेल्या खोलीत माझ्या हवाली केला. म्हणाला, "सांभाळ, मुहंदिस."

मी सांभाळला. दोन दुपारी बसून सांभाळला. पियानोची एकेक पट्टी दाबून तिची फ्रिक्वेन्सी वहीत लिहिली, कोऱ्याची एकेक तार छेडून तीही लिहिली, शेजारी फरक मांडला. मला वाटलं, लामिन दमून येईल, त्याच दिवशी रेकॉर्डिंग, त्याला एक सुखद धक्का द्यावा. वडिलांना कॅसेट मिळेल ती कशी चोख मिळावी. वेटोळी वाळून दगड झालेली होती. मी पकड आणली. मग कादरभाईंकडे खोबरेल तेल मागितलं.

कशाला हवं ते त्यांनी विचारलं आणि ऐकून तेलाची बाटली हातात तशीच धरून उभे राहिले. "साहेब, त्याला इचारलं काय?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, बेसूर आहे ते सुरात आणतोय.

"नाय, म्हणजे... तुमच्या आईनं मीठ कमी घातलेल्या आमटीत शेजारीण येऊन मीठ टाकते काय?"

मी हसलो आणि बाटली घेतली. एकवीसही वेटोळी सरकवली. ती सरकली तेव्हा दांड्यावर त्यांच्या जुन्या जागी कुठलीच खूण नव्हती. वर्षानुवर्षांच्या हातांनी सगळा दांडा सारखाच काळा गुळगुळीत झालेला होता, आणि मी त्यावर वर तेलाचा हात फिरवला. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. लक्षात आलं होतं. पण माझ्या वहीत 'आधीचे' आकडे होते ना... ते आकडे मी पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिले होते आणि काम झाल्यावर, चुकीची नोंद ठेवू नये या शिस्तीनं, खोडरबरानं पुसून टाकले. शेवटी सवयीनं, थोडं गमतीनंही, भोपळ्याच्या पाठीवर हिरवं स्टिकर लावलं. तारीख. सही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

लामिन चौथ्या दिवशी सकाळी आला. त्याच संध्याकाळी गावचा माणूस कॅसेट घेऊन जाणार होता. त्यानं घोंगडी सोडली, भोपळा मांडीशी घेतला आणि अंगठ्यानं पहिली तार छेडली. मग दुसरी. मग सगळ्या, एकेक, सावकाश. त्याचा चेहरा मी इतक्या जवळून बघत होतो की माझ्या सुखद धक्क्याचा परिणाम मला टिपता यावा. त्यानं कोरा उलटा केला, स्टिकर वाचलं आणि विचारलं, "पुढची तपासणी कधी म्हणालास?"

"सहा महिन्यांनी."

"बरं," तो म्हणाला.

मग तो दोन तास ती वेटोळी वरखाली करत बसला. एक तार लावायची, दुसरीशी ताडायची, दोन्ही सोडायच्या. मी म्हटलं, अरे असू दे ना, किती छान जुळलंय. तो म्हणाला की शेजारीण कुठे आहे तेच कळत नाहीये, सगळ्याच घर सोडून गेल्या. एवढंच. त्याचा आवाज चढला नाही. एक वाजता त्यानं हात पुसले आणि सगळ्या तारा माझ्या पियानोवरून लावून घेतल्या. मी एकेक पट्टी दाबत गेलो. मदत करत होतो मी.

रेकॉर्डिंग झालं. काय गोड झालं म्हणून सांगू. थरथर कुठेच नाही. कोरा आणि पियानो एका साच्यातून काढल्यासारखे. मी शेवटी टाळ्यासुद्धा वाजवल्या, त्या कॅसेटवर आहेत. कादरभाई दाराशी बसून चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबून दाबून बसवत होते. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं.

अजून एक तपशील सांगून टाकतो, तो फक्त माझ्या धंद्यातल्या लोकांना कळेल. युद्ध संपल्यावर घरमालक परत आले आणि त्यांनी पियानो लावून घेतला. लावणारा म्हणाला की एसी बंद-चालू होऊन होऊन तो चांगलाच उतरलेला आहे, आणि सगळीकडे सारखाही नाही. म्हणजे मी ज्याला प्रमाण मानलं तेच बिघडलेलं होतं. आमच्या खात्यात या चुकीसाठी माणसाला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवतात.

एप्रिलात मी लामिनला बसमध्ये विचारलं की वडिलांचं काही कळलं का. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पूर्ण ऐकली त्यांनी. चांगला वाजवतो म्हणाले." मी खूश. परत कधी जाणार, विचारलं. तो म्हणाला, इतक्यात नाही. मला वाटलं, पगार सोडवत नसेल. पुढच्या वर्षी मी पुण्याला परतलो. लामिन जेद्दाला गेला, हाजींच्या बस चालवायला, बलद या तिथल्या जुन्या वस्तीत एका इमारतीत खोली घेऊन राहिला. कादरभाईंनी जेद्दातच, शराफियात, दुकान टाकलं. ईदेला फोन व्हायचे. मी दरवेळी विचारायचो, "काय, वाजवतोस ना?" तो म्हणायचा, "लावतो आहे."

आता कादरभाईंनी फोनवर जे सांगितलं ते. वडिलांनी कॅसेट पूर्ण ऐकली हे खरं. पहिली बाजू संपल्यावर त्यांनी विचारलं, हा माणूस कोण? चांगला वाजवतो. दुसरी बाजू संपल्यावर विचारलं, माझ्या मुलाची कॅसेट कधी येणार? आणलेल्या माणसानं सांगून बघितलं की हाच तुमचा लामिन. म्हाताऱ्यानं मान हलवली. माझ्या मुलाचं मला कळत नाही होय, म्हणाले. जागा चुलतभावाला गेली. वर्षाच्या आत वडील वारले, आणि तो सूर ज्याच्या कानात पक्का होता असं कुणी उरलं नाही. चुलतभावाला त्याच्या मामाकडची वेगळी तालीम होती. घरात तेव्हापासून एक वाक्य रूढ झालं, लामिनचा कान सौदीला गेला. म्हणजे मेहनत आहे, हात आहे, कान गेला. लामिननं त्याच्यावर कधी खुलासा केला नाही. त्याची मुलगी बिंता तिकडे गँबियात शाळेत शिकवते, तीही हेच ऐकत मोठी झाली.

"तुम्हाला हे सगळं केव्हापासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापास्नं. लढाई संपल्यावर तो माणूस गावाहून परत कामाला आला तो माझ्याच कोठारात बसून बोलला. लामिनभाय म्हणाला, साहेबाला सांगायचं नाय. तो मनाला लावून घेईल, मग दुरुस्त करायला बसेल." मग म्हणाले, "दर जुम्म्याला दुपारी लावायचा वो तो. मी जायचो कधी कधी. तासन् तास लावायचा, ऐकायचा, मान हलवायचा, गुंडाळून ठेवायचा. वाजवताना मी त्याला कितीदा बघितला सांगू? बोटावर मोजण्याइतका."

तीस वर्षं शुक्रवार दुपार. आणि मी चहापानात गोष्ट सांगत होतो.

फोन ठेवल्यावर मी मिक्सर तसाच सोडून माळ्यावर चढलो. बायको खालून ओरडत होती की पडाल. धाहरानची एक पेटी होती, तिच्यात कॅसेटी. आमची ती गोड कॅसेट वरच होती, छान अक्षरात नाव घातलेली. तिच्याखाली अजून एक निघाली. त्यावर माझ्याच अक्षरात, 'डिसेंबर. सराव. रद्द. सूर जुळत नाहीत.'

डिसेंबर म्हणजे पकडीच्या आधीचा. वडिलांच्या हातचे एकवीस सूर, माझ्या माळ्यावर, माझ्या सहीच्या शेऱ्यासह. तो बलदच्या खोलीत जे शोधत होता ते इथे होतं आणि मी एकदा, फक्त एकदा, फोनवर विचारलं असतं की लावतो आहेस म्हणजे नक्की काय करतो आहेस... विचारणं मला कधीच फारसं जमलं नाही. मी सरळ दुरुस्तीला लागतो.

घरात कॅसेट वाजवायला काही उरलेलं नाही, सगळं मी दुरुस्त केलेलं आहे. सदाशिव पेठेत एक गृहस्थ जुन्या टेप संगणकावर उतरवून देतात, माझ्याच वयाचे, आयुष्यभर ध्वनिमुद्रण केलेले. दोन दिवसांनी गेलो तर त्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, "काम झालंय. एक सुचवू? ते तंतुवाद्य जरा उतरलेलं आहे, पियानोशी भांडतंय. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे. दहा मिनिटांत सगळे स्वर जाग्यावर आणून देतो. वेगळे पैसे नकोत, मलाच ते ऐकवत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उत्साह... मला त्यांच्यावर रागावता येईना. मी म्हटलं, नको, राहू द्या. त्यापेक्षा पियानो काढता येईल का? ते म्हणाले, एकाच मायक्रोफोनवर दोघं आहेत हो. ओढून काढायला गेलं तर त्या दुसऱ्या वाद्याचाही लचका निघेल. आता ते दोघं एकत्रच.

बिंताला मी ते आहे तसं पाठवलं, कादरभाईंच्या मार्फत. सोबत पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तिन्हींत मी बरा माणूस दिसत होतो. चौथ्यात एवढंच, की तुझ्या वडिलांचा कान कुठेही गेला नव्हता. त्यांच्या आजूबाजूला मी होतो. वेटोळी मी सरकवली, त्यांना न विचारता, आणि घरात हे सगळ्यांना वाचून दाखव. तोच मजकूर इथे मराठीत लिहितो आहे, कारण इतकी वर्षं ही गोष्ट ज्यांना सांगितली ते सगळे मराठीच होते. त्यांनी ती कृपया अशी दुरुस्त करून घ्यावी. ही एक दुरुस्ती माझ्याकडे राहिली होती.

बिंताचं मला उत्तर आलेलं नाही. कादरभाईंना तिनं फोनवर एवढंच विचारलं, तो पियानो वाजवणारा माणूस अजून आहे का. कादरभाई म्हणाले, आहे. ती बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या डिसेंबरच्या सरावात मधेच एके ठिकाणी सव्वा मिनिट पियानो नाही. कादरभाईंनी चहा आणला होता, मी उठून चहा प्यायला लागलो होतो, कपबशी वाजलेली ऐकू येते. लामिन थांबला नव्हता. अंगठे चालत राहतात, तर्जन्या ओघळून येतात, तो खालचा गंधार येतो, जातो, पुन्हा येतो, आणि त्याला सांभाळायला बाकीच्या सगळ्या शेजारणी घरात आहेत. रोज दुपारी मी तेवढंच लावतो. त्यात शेवटी शेवटी लामिनचा आवाज आहे, वाजवता वाजवता हसत बोललेला. "व्हेरी गुड, मुहंदिस. आता कसं छान वाजवतोयस."

मग बशी खाली ठेवल्याचा आवाज येतो. मी परत येतो आहे, हे ऐकू येतं. तिथे मी बंद करतो.